माळ्यावर काय आहे

आमच्या आईचं लग्न ठरल्याची बातमी मला लालबागच्या मामाकडून कळली. मी परळच्या ऑफिसात डबा उघडत होते. मामाने कशी आहेस वगैरे काही विचारलं नाही, थेट तोफ डागली.

"काय गो, आवशीचा लगीन आसा आणि मामाक साधो फोन नाय?"

आईने सत्तरी कधीच ओलांडली आहे आणि बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. मला वाटलं, मामा चेष्टा करतोय. मग ठाण्याच्या आत्याचा फोन आला आणि तिच्या पाठोपाठ एका मावसबहिणीचा. सगळ्यांना आईच्या ईमेलवरून पत्रिका गेली होती. वर सोनेरी गणपती, खाली 'आमच्या आनंदात सहभागी व्हा' आणि त्याच्याखाली उघडायला एक फाइल. आत्या म्हणाली, "आम्ही येऊच गं, पण नवरदेव कोण ते तरी कळू दे."

फाइल म्हटल्यावर मी हातातला चमचा खाली ठेवला. ऑफिसात नुकतंच आम्हाला सगळ्यांना एसीत बसवून शिकवलं होतं की फोनवर आलेली लग्नपत्रिका उघडायची नाही, चोर आजकाल वऱ्हाडी होऊन येतात. मी अर्धवट डबा बंद केला, टॅक्सी पकडली आणि वाटेतच आईच्या बँकेला फोन करून सगळे व्यवहार थांबवले. सुदैवाने पैशाला धक्का लागला नव्हता. चोर बहुतेक पत्रिका वाटण्यातच रमले होते.

आई गिरगावात राहते, खोताच्या वाडीपासून दोन गल्ल्या सोडून, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर. मी पोचले तेव्हा ती पुढच्या खोलीत मेथी निवडत बसली होती.

"तुझं लग्न आहे," मी धापा टाकत म्हटलं.

"कधी?"

"ते पत्रिकेत लिहिलेलं नाही."

"मग साड्या घ्यायला वेळ आहे," असं म्हणून तिने मेथीची एक जुडी माझ्यापुढे सरकवली.

चौकशी केली तेव्हा प्रकार उघडकीला आला. आईचा पासवर्ड एकच होता. मेलला तोच, बँकेला तोच, विजेच्या बिलाला तोच. कुलदेवीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तिचं म्हणणं, देवीच्या नावाला हात लावायची कुणाची हिंमत आहे? पण खरी गोम पुढेच होती. हा पासवर्ड तिने समोरच्या काकूंकडे देऊन ठेवला होता. काकूंनी तो विसरायला नको म्हणून फोनवर स्वतःलाच मेसेज करून ठेवला होता. आणि काकूंना आली एक लग्नपत्रिका. कुणाची म्हणून त्यांनी उघडली. उघडेना, म्हणून पुन्हा पुन्हा उघडली. चोर काकूंच्या फोनमधून आईच्या मेलमध्ये शिरले.

"पासवर्ड काकूंना कशाला दिलास?" मी किंचाळलेच.

आई माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, चावी नाही का समोर ठेवत आपण?"

आमच्या मजल्यावर तसंच आहे. कुणीही बाहेर निघालं की चावी समोरच्या घरात खिळ्याला टांगायची. बाजारात निघा, दवाखान्यात निघा, नाहीतर गावाला निघा. चावी न ठेवता गेलात तर समोरच्यांना चोर म्हटल्यासारखं होतं, आणि ते रुसणं पुढच्या गणपतीपर्यंत पुरतं. मी शाळेतून आले आणि घर बंद असलं की आधी काकूंच्या घरात शिरून खिळ्यावरची चावी काढायचे आणि मग आमचं दार उघडायचे. आईने हाच नियम इंटरनेटला लावला, इतकंच. काकू गॅलरीत डोळ्यांना पदर लावून उभ्या होत्या. "आमच्याकडून आजवर एक चावी हरवली नाही गं," असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

मी मनाशी ठरवलं, आता आईचं सगळं नीट लावून द्यायचं. नीट लावणं हा माझा रोग आहे, असं माझा नवरा म्हणतो. आमच्या दादरच्या घरात डाळींच्या बरण्यांनासुद्धा चिठ्ठ्या आहेत. ऑफिसच्या त्या प्रशिक्षणानंतर मी पासवर्ड सांभाळणारं ॲप घेतलं होतं आणि त्यात वेगवेगळ्या तिजोऱ्या केल्या होत्या. एक घराची, एक बँकेची, एक ऑफिसची आणि एक फुटकळ, जिच्यात मी सेलमधल्या कुर्त्यांच्या साइट ठेवते. सगळे दागिने एकाच डब्यात ठेवायचे नाहीत, हेच त्यामागचं साधं तत्त्व. घरची तिजोरी नवऱ्याला दिसते, फुटकळ दिसत नाही. त्याला फक्त मॅच बघायचा पासवर्ड लागतो. बाकी मी बँक हलवून घेऊन गेले तरी त्याला पत्ता लागणार नाही.

रविवारी दुपारी मी आईला घेऊन बसले. काकूही दारात येऊन बसल्या. त्यांना आत घ्यावं की नाही हे मला कळेना, तेवढ्यात त्या आत आल्याच.

"ही बघ तिजोरी," मी सुरुवात केली.

"तिजोरी नको म्हणूस," आई म्हणाली. "तिजोरी म्हटलं की चोराचे कान टवकारतात. खोली म्हण."

म्हणून मग खोल्या झाल्या. तिच्या घरात दोनच खोल्या आणि वर लाकडी माळा, त्यामुळे तिला नकाशा पाठ होता. मी तिजोरी म्हणून समजावत होते तोवर तिला काही कळत नव्हतं, पण खोली म्हटल्यावर तीच मला शिकवायला लागली. विजेचं बिल, गॅसचा नंबर, दूधवाल्याचं ॲप, हे सगळं पुढच्या खोलीत, कारण तिथे कोणीही येतं-जातं. बँक, पेन्शन, दवाखान्याचे रिपोर्ट आतल्या खोलीत, तिथे फक्त ती आणि मी. पुढच्या खोलीची चावी काकूंना द्यायची हे तिने मला न विचारताच ठरवलं. मी डोळे वटारले, तर म्हणाली, "नाही दिली तर काय म्हणतील? आणि दूध घेऊन कोण पळणार आहे?" मी विचार केला आणि चावी देऊन टाकली, कारण तिची वाटणी माझ्यापेक्षा बरी होती. काकूंचा चेहरा उजळला आणि त्यांनी घरून शंकरपाळे आणले.

मग मुख्य पासवर्ड आला, सगळ्या खोल्यांच्या आधीचा, चाळीच्या मोठ्या दरवाज्याचा. तो लांब हवा, लक्षात राहणारा हवा आणि कुणालाही सांगायचा नाही, मलाही नाही, हे मी बजावलं. आई विचार करून टाइप करायला लागली आणि प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणायला लागली.

"आई, तोंडाने नको!"

"मग कशाने?"

शेवटी मी गॅलरीत जाऊन उभी राहिले आणि काकूंना हाताला धरून बरोबर नेलं. आतून आईचं पुटपुटणं ऐकू येत होतं. मी मुद्दाम भाजीवाल्याला भाव विचारत राहिले. पासवर्डमध्ये 'चिंच' आहे एवढं मला कळलं, आणि काकूंना बहुतेक त्याहून जास्त कळलं. मी आत जाऊन तो बदलायला लावला.

सगळं झाल्यावर आई म्हणाली, "आणि माळा?"

"माळ्यावर काय ठेवायचंय?"

"तुला काय करायचंय? माळा माझा. तिथे कुणी यायचं नाही."

मी हसले, पण ती हसली नाही. मी माळा करून दिला, त्यावर फक्त तिचं नाव घातलं.

इथे थोडं मागे जायला हवं. मी लहान असताना त्या दोन खोल्यांत आम्ही एवढी माणसं होतो की झोपताना पाय कुणाचे ते विचारावं लागे. खऱ्या माळ्यावर आजोबांची ट्रंक, काकांची पेटी, घरातली मोठी भांडी आणि आमच्या जुन्या वह्या-पुस्तकं. आईचं त्यात काही नव्हतं. तिची एक लहानशी पत्र्याची पेटी होती, लग्नात आणलेली, ती पलंगाखाली असे. एकदा तिने त्या पेटीला कुलूप लावलं. संध्याकाळी आजोबांनी शांतपणे विचारलं, "घरात कुलूप? अविश्वास कुणावर?" कुलूप त्याच दिवशी निघालं. मग त्या पेटीत आत्याच्या रिबिनी, काकांची औषधं, माझ्या गोट्या-सागरगोटे, वाटेल ते जाऊन बसलं. आईला त्याबद्दल बोलताना मी कधी ऐकलं नाही. मला ते त्या रविवारी आठवलंही नाही, हेही सांगून टाकते.

मला आठवली ती फक्त आणीबाणी. ॲपमध्ये आणीबाणीची सोय असते. तिजोरीच्या मालकाला काही झालं तर दुसऱ्या कुणाला ती उघडता यावी म्हणून एक विश्वासाचं माणूस नेमून ठेवायचं. त्या माणसाने परवानगी मागितली की मालकाच्या फोनवर निरोप जातो. मालकाने नाही म्हटलं तर दार बंद. दोन दिवस मालकाने काहीच उत्तर दिलं नाही तर दार आपोआप उघडतं. माळ्यासाठी मी स्वतःला नेमलं.

"म्हणजे मी मेल्यावर," आई म्हणाली.

"तसंच नाही. बेशुद्ध वगैरे."

"करून दाखव."

मी तिच्या शेजारी बसून माझ्या फोनवर परवानगी मागितली. तिचा फोन वाजला. तिने चष्मा लावला आणि निरोप मोठ्याने वाचला. खाली दोन बटणं होती, द्या आणि नाकारा. तिने दोन्हींवरून बोट फिरवलं, पण दाबलं कुठलंच नाही.

"मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही."

"कारण द्यावं लागतं?"

"नाही."

"तू रागावलीस तरी?"

"माझ्या रागाचं बटण नाहीये त्यात."

तिने 'नाकारा' दाबलं. माझ्या फोनवर लाल अक्षरं आली. तिने ती माझ्या हातातून फोन घेऊन बघितली आणि म्हणाली, "परत माग." मी परत मागितली. तिने परत नाकारली. असं किती वेळा चाललं ते काकूंना विचारा, त्यांचे शंकरपाळे संपले. मला वाटलं, सराव करतेय.

आता मी कोण? ज्या घरात एका पेटीला कुलूप राहू शकलं नाही त्या घराची मुलगी. दुसऱ्याच्या पिशवीत काय आहे हे बघितल्याशिवाय आमच्यात कुणाला घास उतरत नाही. आईच्या माळ्यावर काय आहे या विचाराने मला खरंच खाज सुटली. नवरा म्हणाला, सोनं असेल. मग म्हणाला, खोलीचे कागद असतील, चाळ पाडणार म्हणतायत ना. मग पेपरमागून म्हणाला, "नवरदेवाचा फोटो असेल." मी त्याचा मॅचचा पासवर्ड दोन दिवस बदलून ठेवला.

एके दिवशी ऑफिसात जेवायच्या सुट्टीत मी सहज परवानगी मागितली. पहिला घास तोंडात जायच्या आत नकार आला, आणि पाठोपाठ फोन.

"अजून जिवंत आहे मी," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

मग ते रोजचंच झालं. मी डबा उघडायचे, परवानगी मागायचे, नकार यायचा. कधी फोनवर नुसतं "नाही म्हणजे नाही" आणि पाठीमागे काकूंचं हसू. आधी आम्ही माय-लेकी आठवड्यातून एकदा बोलायचो, तेही गुडघे आणि औषधं. आता रोज भांडण होतं, आणि मला ते आवडायला लागलं होतं. शेजारच्या टेबलावरची बाई विचारायची, आज मिळाली का? मी मान हलवायचे आणि आम्ही दोघी जेवायचो. पण बघायची इच्छा काही कमी होत नव्हती, उलट रोजच्या नकाराने ती चढतच होती.

आणि एका दुपारी नकार आला नाही.

मी डबा संपवला. हात धुऊन आले. नाही. आईला फोन लावला, तर बंद. काकूंना लावला, तोही बंद. मग सगळे वाईट विचार रांगेने आले. त्या दोघी एकाच वेळी फोन बंद करून काय करत असतील याचं एकही चांगलं उत्तर मला सुचेना. शेवटी मामाला लावला.

"अगो, दोघी माझ्या गाववाल्यांच्या गाडीन जत्रेक गेल्यो. तुका सांगूक नाय?" मामा म्हणाला. "थंय रेंज नाय. चार दिवसांनी येतल्यो."

मी खुर्चीत बसले आणि आधी आईला, मग काकूंना, मग कोकणातल्या सगळ्या टॉवरना मनातल्या मनात शिव्या घातल्या. जीव भांड्यात पडला. आणि तो पडल्या पडल्या माझ्या लक्षात आलं की माझी परवानगीची मागणी तशीच उघडी आहे, आई रेंजमध्ये नाही, आणि दोन दिवस जाणार आहेत.

माझ्या पडद्यावर 'मागणी मागे घ्या' असं बटण होतं. ते मी त्या दोन दिवसांत इतक्या वेळा बघितलं की मला त्याचा रंग अजून आठवतो. घरी भांडी लावताना फोन हातात, दादरला फुलं घेताना फोन हातात. नवरा म्हणाला, "नको बघूस." मग म्हणाला, "बघितलंस तर मला सांग." मी बटण दाबलं नाही. दोन दिवसांनी, बरोबर जेवायच्या वेळेला, माळा उघडला.

शेजारच्या टेबलावरच्या बाईकडे पाठ करून मी आत गेले.

आत काहीच नव्हतं.

मला वाटलं, काहीतरी चुकलंय. मी बाहेर येऊन परत गेले. मग निर्लज्जपणे कचऱ्याची टोपली उघडली, की काढून टाकलेलं काही सापडेल. टोपलीही रिकामी. कधी काही ठेवलंच नव्हतं. मधोमध फक्त ॲपचं वाक्य होतं की इथे अजून काही नाही, आणि ठेवायचं असेल तर अधिकच्या खुणेवर बोट ठेवा.

मी त्या वाक्याकडे बघत बसले आणि मला पलंगाखालची पत्र्याची पेटी आठवली. मग त्या रविवारचं तिचं "कारण द्यावं लागतं?" आठवलं. सोनं नाही, कागद नाहीत, नवरदेव तर नाहीच. माझ्या आईला लपवायला काही नको होतं. तिला नाही म्हणायला एक दार हवं होतं. आयुष्यभर घरातल्या सगळ्यांनी तिच्या पेटीत हात घातला, विचारून कुणीच नाही, आणि आता रोज दुपारी कुणीतरी तिची परवानगी मागत होतं. तेही मीच, आणि तिने हो न म्हणताच आत शिरले तीही मीच. मला रडू आलं. मी डबा तसाच बंद केला आणि बाईला सांगितलं की मिरची लागली.

आई परत आली त्या संध्याकाळी मी गिरगावात गेले. ती जत्रेतून आणलेल्या गुळाच्या खाज्याचा पुडा सोडत होती. तिचा फोन रेंजमध्ये येऊन वाजून वाजून थकला असणार, कारण तो चष्म्याशेजारी उताणा पडला होता आणि पडद्यावर निरोप तसाच होता की तुमच्या माळ्यावर परवानगी दिली गेली आहे.

"माळ्यावर जाऊन आलीस वाटतं," तिने वर न बघता विचारलं.

"अगं, तुझं उत्तर आलं नाही, त्याने आपोआप उघडलं."

"काय बघितलंस?"

"काही नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. मी खाज्याकडे बघितलं. एवढं खरं मी तिच्याशी लहानपणीही कधी बोलले नसेन.

"नक्की?"

"देवीशप्पथ. काही नाही बघितलं."

तिने खाज्याचा सगळ्यात मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला. "परत बंद करून दे," ती म्हणाली. मी तिच्यासमोर मला मिळालेली परवानगी काढून टाकली, माझी नेमणूक तेवढी राहू दिली आणि माळा पहिल्यासारखा लावून दिला. दारातून काकूंनी विचारलं, मग काय होतं शेवटी माळ्यावर? आई म्हणाली, "ते आमच्या घरातलं आहे."

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी डबा उघडला आणि परवानगी मागितली. भाजी गार होत होती. मी भात कालवून बसले होते, हात लावत नव्हते. मग लाल अक्षरं आली, आणि फोन वाजला.

"काय हवं होतं गं तुला माझ्या माळ्यावरचं?"

"सगळं," मी म्हटलं.

"नाही मिळायचं," आई म्हणाली, आणि मी पहिला घास घेतला.